घटक ४ : जुन्या लॅपटॉपवरील ध्वनी – मुक्त संगणकप्रणालीतील ध्वनिव्यवस्था आणि तिची तपासणी

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला

• भाषा व लोकसाहित्य यांच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणाचे स्थान स्पष्ट करता येईल.
• संगणकातील ध्वनी कोणकोणत्या टप्प्यांतून आपल्या कानापर्यंत पोहोचतो, हे सांगता येईल.
• लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपचा आवाज बंद असल्यास त्याचे कारण क्रमाने शोधता येईल.
• दोष यंत्रात आहे की मांडणीत, याचा निर्णय दुरुस्तीचा खर्च करण्यापूर्वी घेता येईल.
• बोलीच्या नमुन्याचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी संगणक सज्ज करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा ही मुळात बोलली जाते आणि ऐकली जाते. लेखन ही तिची नंतरची अवस्था होय. हे विधान आपण भाषाविज्ञानात अनेकदा वाचले असेल. परंतु दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा बहुतांश अभ्यास छापील पुस्तिकेवर चालतो. संपर्कसत्रे मोजकी असतात. त्यामुळे ध्वनिफीत, दृक्-श्राव्य पाठ आणि स्वतः केलेले ध्वनिमुद्रण यांचे मोल त्याच्यासाठी वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक असते.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे गाव डोळ्यांसमोर आणा. जुने लोक आजही त्याला वाढोणा म्हणून ओळखतात. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे हे तालुक्याचे ठिकाण. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. तेलंगणाची हद्दही येथून दूर नाही. मराठी, तेलुगू, दखनी उर्दू आणि बंजारा या भाषा या भागाच्या बाजारात एकमेकींच्या कानावर पडत असतात. मराठीच्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी यापेक्षा समृद्ध परिसर कोणता मिळणार?

आता या गावातील एका प्रौढ विद्यार्थ्याची कल्पना करा. दिवसा शेती किंवा नोकरी, रात्री अभ्यास. घरात कोणीतरी वापरून सोडलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे. त्यावरील विंडोज ७ या प्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १०चाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवे यंत्र घेण्याची ऐपत नाही, म्हणून त्याने लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून घेतली. यंत्र पुन्हा हलके चालू लागले. मात्र पाठ सुरू केला तेव्हा पडद्यावर चित्र हलत होते आणि आवाज अजिबात नव्हता. दुरुस्तीच्या दुकानात ‘साउंड गेला, बोर्ड बदलावा लागेल’ असे ऐकावे लागले, तर बहुतेकांचा अभ्यास तेथेच थांबतो.

प्रत्यक्षात अशा तक्रारींमध्ये यंत्र शाबूत असण्याचीच शक्यता मोठी असते. कोठेतरी एखादी वाट बंद असते. ती वाट कशी शोधावी, हा या घटकाचा विषय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ मराठीच्या अभ्यासाला आवाज कशासाठी हवा?

‘जरा’ हा शब्द घ्या. ‘थोडे’ या अर्थाने आपण तो उच्चारतो तेव्हा ‘ज’ दंततालव्य असतो. ‘वार्धक्य’ या अर्थाने उच्चारतो तेव्हा तो तालव्य असतो. देवनागरी लिपी दोहोंसाठी एकच अक्षर वापरते. हा भेद पुस्तिकेत कितीही समजावून सांगितला, तरी तो कळतो कानानेच.

हीच अडचण बोलींच्या अभ्यासात अधिक तीव्र होते. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोलींचे नमुने छापलेले आहेत. पण ते बोलणाऱ्यांचा हेल, लय आणि थांबे कागदावर उतरले नाहीत. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भाषांचे नमुने नोंदवण्याचे काम पुढे स्वतंत्रपणे करावे लागले, ते याच उणिवेमुळे.

महाराष्ट्रातील दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन स्त्रियांच्या ओव्या संग्रहित केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांपैकी अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झालेले असून, २०१७पासून ते सर्वांना ऐकण्यासाठी खुले करण्यात येत आहे. ओवी वाचणे आणि ती गाणाऱ्या स्त्रीच्या गळ्यातून ऐकणे यांतील अंतर विद्यार्थ्याने स्वतः अनुभवावे. हिमायतनगरच्या परिसरातही दळणाच्या, पेरणीच्या, लग्नाच्या गाण्यांची आठवण असलेल्या वृद्ध स्त्रिया आहेत. त्यांचे आवाज नोंदवण्यासाठी उपलब्ध असलेला काळ मर्यादित आहे. म्हणूनच घरातील मुका लॅपटॉप बोलता करणे, हे केवळ तांत्रिक काम राहत नाही.

४.३.२ मुक्त संगणकप्रणाली म्हणजे काय?

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते, तिला मुक्त आज्ञावली म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स या प्रणालीगाभ्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. या दोहोंच्या संयोगातून डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट यांसारखे संच तयार झाले. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारावर ‘बॉस’ हा संच तयार केला असून त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

महाराष्ट्रात या प्रणालीच्या शिक्षणाचे एक महत्त्वाचे कार्य मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींचे छोटे दृक्-श्राव्य पाठ तयार केले. एक पाठ साधारणतः दहा मिनिटांचा असतो. पडद्यावरील मजकूर इंग्रजी राहतो आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले जाते. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याने ऐकावे, थांबावे आणि करून पाहावे, ही त्यामागील दृष्टी. येथे मराठी आहे ती फक्त आवाजात. आवाज बंद असेल, तर इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच उरत नाही.

४.३.३ ध्वनीचा प्रवास

पैनगंगेवरील इसापूर धरणाचे पाणी शेतात कसे येते, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. धरण, मुख्य कालवा, वितरिका, चारी आणि शेवटी शेत. शेताला पाणी आले नाही, तर कोणी धरण खोदायला जात नाही. कोणते दार बंद आहे ते पाहत जातो. संगणकातील ध्वनीही असाच टप्प्याटप्प्यांनी वाहतो.

पहिला टप्पा : उपयोजन. गाणे किंवा पाठ वाजवणारी आज्ञावली साठवलेली संचिका उलगडते. ध्वनी येथे आकड्यांच्या रूपात असतो. ध्वनितबकडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिलेला असतो.

दुसरा टप्पा : ध्वनिसेवक. एकाच वेळी अनेक उपयोजने आवाज काढू शकतात. त्यांचे मिश्रण करणे आणि कोणता आवाज कोणत्या साधनाकडे पाठवायचा हे ठरवणे, हे काम ध्वनिसेवक करतो. पूर्वी हे काम प्रामुख्याने ‘पल्सऑडिओ’ करीत असे. अलीकडच्या संचांत त्याची जागा ‘पाइपवायर’ने घेतली आहे. फेडोराने २०२१ साली आणि उबुंटूने २०२२ साली हा बदल स्वीकारला.

तिसरा टप्पा : गाभ्यातील चालक. प्रणाली आणि ध्वनियंत्र यांच्यामधील दुभाषा म्हणजे चालक. लिनक्समध्ये या दुभाष्यांच्या व्यवस्थेला ‘अल्सा’ म्हणतात. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ साली तिची सुरुवात केली.

चौथा टप्पा : ध्वनिचीप. २००४ साली इंटेलने ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे मानक आणले. त्यानंतरच्या बहुसंख्य लॅपटॉपमध्ये याच मानकाची चीप असते. रिअलटेक किंवा कोनेक्झंट यांसारख्या कंपन्यांनी ती बनवलेली असते. आकड्यांचे विद्युत्-तरंगांत रूपांतर येथे होते.

पाचवा टप्पा : कर्णा किंवा कर्णश्राव्य. विद्युत्-तरंग पडद्याला कंप देतात आणि हवेत ध्वनी निर्माण होतो. व्यवहारात यांना आपण स्पीकर आणि इअरफोन म्हणतो. पुढे हेच शब्द वापरले आहेत.

पाचांपैकी कोठेही दार बंद असेल, तरी परिणाम एकच : शांतता. म्हणून ‘आवाज येत नाही’ हे लक्षण आहे, निदान नव्हे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) ध्वनिसेवकाचे कार्य एका वाक्यात सांगा.
आ) ‘जरा’ या शब्दाच्या दोन अर्थांतील भेद लिपीत का दिसत नाही?

४.३.४ तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी सोप्याकडून अवघडाकडे आणि बिनखर्चाकडून खर्चाकडे जावी. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलावी आणि ऐकून पाहावे. एकदम चार बदल केल्यास कोणत्या बदलाने काम झाले, ते कळत नाही. बिघडले तर परतीची वाट सापडत नाही.

पायरी १ – कळफलक आणि संचिका. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतील एका कळीवर स्पीकरचे चित्र असते. ती कळ, आवश्यक तर ‘एफएन’ कळीसोबत, एकदा दाबून पाहावी. दुसरी एखादी ध्वनिसंचिका वाजवावी. ब्राउझरमधील पाठ असेल, तर त्या पानाचा आवाज बंद केलेला नाही ना, हे पाहावे.

पायरी २ – इअरफोन. इअरफोन लावून ऐकावे, काढून पुन्हा ऐकावे. इअरफोनमध्ये आवाज येतो आणि स्पीकरमधून येत नाही, असे असेल तर पहिले चार टप्पे बहुतांशी ठीक आहेत. इअरफोनच्या छिद्रात धूळ साठल्याने किंवा आतील स्पर्शपट्टी अडकल्याने यंत्राला इअरफोन लावलेलाच आहे असे वाटते आणि ते स्पीकर बंद ठेवते. पिन हळुवारपणे आठ-दहा वेळा आत-बाहेर केल्यास हा दोष पुष्कळदा दूर होतो.

पायरी ३ – ध्वनीची मांडणी. सेटिंगमधील ‘साउंड’ हा विभाग उघडावा. तेथे आउटपुट साधनांची यादी दिसते. यादीत ‘एचडीएमआय’ निवडलेले असेल, तर आवाज न जोडलेल्या दूरचित्रवाणी संचाकडे जात असतो. २०१३च्या सुमाराच्या इंटेल लॅपटॉपमध्ये एचडीएमआयसाठी स्वतंत्र ध्वनिकार्ड असते आणि तेच पहिल्या क्रमांकावर येण्याचा संभव असतो. अशा वेळी ‘अ‍ॅनलॉग’ किंवा ‘बिल्ट-इन ऑडिओ’ निवडावे. यादीत केवळ ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, तर ध्वनिसेवकाला एकही खरे साधन सापडलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग पायरी ५कडे वळावे.

पायरी ४ – अल्साचा मिश्रक. येथून पुढे टर्मिनलचा उपयोग करावा लागतो. या पुस्तिकेत आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टंकलेखन मात्र रोमन लहान अक्षरांत करावे. ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा सलग, मध्ये जागा न सोडता लिहावी : ए, एल, एस, ए, एम, आय, एक्स, ई, आर. एन्टर दाबताच उभ्या पट्ट्यांचा एक फलक उघडतो.

सुरुवातीला तेथे बहुधा एकच पट्टी दिसते. ती ध्वनिसेवकाची असते. नवखा विद्यार्थी ती पूर्ण भरलेली पाहून फलक बंद करतो आणि खरे दार तपासायचे राहूनच जाते. म्हणून ‘एफ ६’ दाबून आपले प्रत्यक्ष ध्वनिकार्ड निवडावे. आता ‘मास्टर’, ‘हेडफोन’, ‘स्पीकर’, ‘पीसीएम’ अशा अनेक पट्ट्या दिसतील. ज्या पट्टीखाली ‘एम’ हे अक्षर दोनदा दिसते, ती मूक केलेली आहे. डाव्या-उजव्या बाणाने तिच्यापर्यंत जावे, ‘एम’ कळ दाबावी आणि वरच्या बाणाने पातळी वाढवावी. ‘ऑटो-म्यूट मोड’ अशी पट्टी असेल आणि स्पीकर इअरफोनविनाही मुका असेल, तर ती ‘डिसेबल्ड’ करून पाहावी. ‘एस्केप’ कळीने बाहेर पडावे. सामान्यतः यंत्र बंद होताना ही मांडणी आपोआप जतन होते.

पायरी ५ – यंत्र दिसते का? ‘एप्ले’ ही आज्ञा लिहावी : ए, पी, एल, ए, वाय. त्यानंतर एक मोकळी जागा, एक आडवी रेघ आणि रेघेला लागूनच लहान ‘एल’. उत्तरात ध्वनिकार्डांची यादी आली, तर तिसरा टप्पा आपले काम करीत आहे. एकही कार्ड सापडले नाही असे उत्तर आले, तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, यंत्र सुरू होतानाच्या बायोस मांडणीत अंतर्गत ध्वनी बंद केलेला आहे का? काही लॅपटॉपमध्ये अशी सोय असते. दोन, प्रणाली अद्ययावत करून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर कार्ड दिसू लागते का?

पायरी ६ – ध्वनिचाचणी. ‘स्पीकर-टेस्ट’ ही आज्ञा मधल्या आडव्या रेघेसह लिहावी. मग मोकळी जागा, आडवी रेघ व लहान ‘सी’, पुन्हा मोकळी जागा आणि इंग्रजी २ हा अंक. आलटून-पालटून डाव्या व उजव्या बाजूने खरखर ऐकू आली, तर मार्ग मोकळा आहे आणि दोष उपयोजनात आहे. ‘कंट्रोल’ व ‘सी’ या कळी एकत्र दाबल्यास चाचणी थांबते.

पायरी ७ – नवे खाते. त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या नावाने नवे वापरकर्ता-खाते उघडून आवाज ऐकावा. तेथे आवाज आला, तर यंत्र आणि चालक निर्दोष आहेत. जुन्या खात्यातील वैयक्तिक मांडणी बिघडलेली आहे.

पायरी ८ – पेन-ड्राइव्हवरून प्रणाली. बहुतेक लिनक्स संच न बसवता पेन-ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वेगळा संच अशा रीतीने चालवावा. तेथे आवाज आला, तर बसवलेल्या प्रणालीत दोष आहे. दोन भिन्न संचांत, स्पीकर व इअरफोन या दोन्हींतून आवाज आलाच नाही, तरच यंत्रातील बिघाडाचा संशय धरावा.

यंत्रातील बिघाड निश्चित झाला, तरी मार्ग संपत नाही. यूएसबी छिद्रात बसणारे छोटे ध्वनिकार्ड स्वतंत्र चीप घेऊन येते. लिनक्स बहुतेक वेळा ते लावताच ओळखते. त्याची किंमत बोर्डाच्या तुलनेत फारच कमी असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) इअरफोनमध्ये आवाज येतो, स्पीकरमधून येत नाही. यावरून कोणता निष्कर्ष काढाल?
आ) अल्सामिक्सर उघडल्यावर ‘एफ ६’ का दाबावे?

४.३.५ ऐकण्याकडून मुद्रणाकडे

आवाज ऐकू येऊ लागला, की पुढचे पाऊल मुद्रणाचे. अल्सामिक्सरमध्ये ‘एफ ४’ दाबल्यास आत येणाऱ्या ध्वनीचे फलक दिसतात. ‘कॅप्चर’ पट्टी बंद असेल, तर तिच्यावर जाऊन मोकळ्या जागेची लांब कळ दाबावी. ‘बूस्ट’ची पातळी कमीत कमी ठेवावी, ती फार वाढवली, तर आवाजापेक्षा खरखर अधिक नोंदली जाते.

मुद्रणासाठी ‘ऑडॅसिटी’ ही मुक्त आज्ञावली सोयीची आहे. ती २००० साली प्रथम उपलब्ध झाली. एका वाहिनीचे, ४४,१०० नमुन्यांचे व १६ बिटांचे एक मिनिटाचे मुद्रण सुमारे ५.३ मेगाबाइट जागा घेते. तासाभराचे सुमारे ३१८. जुन्या लॅपटॉपलाही हा भार जड नाही. मूळ प्रत ‘वेव्ह’ किंवा ‘फ्लॅक’ या स्वरूपात जतन करावी, कारण ‘एमपी ३’मध्ये ध्वनीचा काही अंश गाळला जातो आणि सूक्ष्म उच्चारभेदांच्या अभ्यासाला त्याची बाधा होऊ शकते.

मुद्रणापूर्वी निवेदकाची संमती घ्यावी. आरंभी दिनांक, गाव आणि निवेदकाचे वय मोठ्याने सांगून ते मुद्रणातच नोंदवावे. पंखा बंद ठेवावा. लॅपटॉप निवेदकापासून हातभर अंतरावर असावा. एका पेन-ड्राइव्हवर दुसरी प्रत त्याच दिवशी करावी. जुन्या यंत्रावर एकमेव प्रत ठेवणे धोक्याचे असते. आणि ते मुद्रण ज्यांचे आहे, त्यांना अवश्य ऐकवावे. ती त्यांची ठेव आहे.

४.४ सारांश

भाषेचा अभ्यास ध्वनीवाचून अपुरा राहतो. उच्चारभेद, बोलींचा हेल आणि मौखिक साहित्याची लय लिपीत पुरती सामावत नाही. जुना लॅपटॉप आणि मुक्त प्रणाली यांच्या साहाय्याने अल्प खर्चात ध्वनिपाठ ऐकणे व बोलीचे नमुने नोंदवणे शक्य आहे. संगणकातील ध्वनी उपयोजन, ध्वनिसेवक, चालक, ध्वनिचीप आणि स्पीकर या पाच टप्प्यांतून जातो. आवाज बंद पडल्यास कोणता टप्पा अडला आहे, हे क्रमाने शोधावे. निवडलेले आउटपुट साधन आणि अल्सामिक्सरमधील मूक पट्ट्या ही दोन नेहमीची कारणे होत. दोन भिन्न संचांत चाचणी केल्याखेरीज यंत्र बिघडले असे मानू नये.

४.५ पारिभाषिक शब्द

मुक्त आज्ञावली : जिची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा सर्वांना असते अशी आज्ञावली.
चालक : प्रणाली आणि यंत्रभाग यांच्यात संवाद घडवणारा आज्ञासंच.
ध्वनिसेवक : अनेक उपयोजनांचे आवाज एकत्र करून योग्य साधनाकडे पाठवणारी आज्ञावली.
नमुना : ध्वनितरंगाची एका क्षणी केलेली मोजणी.
टर्मिनल : लिखित आज्ञा देण्यासाठीची खिडकी.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) विविध उपयोजनांचे आवाज मिसळून ते निवडलेल्या साधनाकडे पाठवणे. आ) देवनागरीत तालव्य व दंततालव्य ‘ज’ यांसाठी एकच चिन्ह आहे.

प्रश्न २ : अ) उपयोजनापासून चीपपर्यंतचे टप्पे बहुतांशी ठीक आहेत, दोष स्पीकर, इअरफोनचे छिद्र किंवा ऑटो-म्यूट यांत शोधावा. आ) आरंभी ध्वनिसेवकाची एकच पट्टी दिसते, प्रत्यक्ष कार्डाच्या पट्ट्या पाहण्यासाठी ते निवडावे लागते.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. संगणकातील ध्वनीच्या प्रवासाचे पाच टप्पे आपल्या परिसरातील उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
२. ‘आवाज येत नाही हे लक्षण आहे, निदान नव्हे’ या विधानाची चर्चा करा.
३. छापील बोली-नमुना आणि ध्वनिमुद्रित बोली-नमुना यांची तुलना करा.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील एका वृद्ध व्यक्तीच्या संमतीने दहा मिनिटांचे बोलणे, गाणे किंवा कहाणी ध्वनिमुद्रित करा. प्रथम ते न थांबता ऐका. नंतर त्यातील दोन मिनिटांचे लेखन देवनागरीत करा आणि जे लिहिता आले नाही, ते कोणते, याची नोंद करून संपर्कसत्रात सादर करा.